आरओ आहे, तरी टीडीएस का वाढला?

प्रश्न : माशांच्या टाकीसाठी आरओ बसवला आहे. सोसायटीच्या पाण्याचा (नळ आणि बोअर एकत्र) टीडीएस ८००. आरओचा पूर्वी ४० यायचा, आता १२०. मेम्ब्रेन बदलू का?

उत्तर : घाई नको. मशीन बंद असताना क्षार मेम्ब्रेनपलीकडे झिरपतात, म्हणून पहिल्या दहा मिनिटांचे पाणी सोडून मग मोजा. तरीही आकडा ८०च्या, म्हणजे मूळ पाण्याच्या दहा टक्क्यांच्या, वर राहिला तर मेम्ब्रेन बदला. सोबत कार्बन फिल्टरही नवा घाला. जुना कार्बन क्लोरीन अडवत नाही आणि क्लोरीनने नवी मेम्ब्रेनही खराब होते. गाळाचा फिल्टर तुंबला की दाब घटतो, तोही पाहा.

आणि कृपया, टाकीत निव्वळ आरओचे पाणी भरू नका. क्षारांविना पीएच अचानक घसरतो, मासे दगावतात. क्लोरीन काढलेले थोडे मूळ पाणी त्यात मिसळा.