मज्जारज्जूची इजा आणि तारुण्य : एक अभ्यास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे बालआरोग्यावर लेख मागितला होता. लसीकरण, कुपोषण, बालदमा या विषयांवर मी या पानांतून पूर्वी लिहिले आहे. यंदा मात्र विषय बदलण्याची परवानगी मी मागून घेतली. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की बालरोगतज्ज्ञाची बालके मोठी होतात. ज्यांना आपण त्रिगुणी लस टोचली तीच मुले अठरा-वीस वर्षांची होऊन दुचाकीवरून घाट चढू लागतात, फणसाच्या झाडावर चढतात, विहिरीत सूर मारतात. आणि त्यांतला एखादा पाठीचा कणा मोडून घेऊन परत येतो. दुसरे कारण वैयक्तिक आहे. १९९४ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बालरोगशास्त्राच्या एम. डी.चा अभ्यास चालू असताना आंबोली घाटात आमची जीप उलटली आणि मागच्या बाकावर बसलेल्या माझा कमरेचा पहिला मणका चुरडला. माझ्या डाव्या पायातील पट्टा आणि हातातील काठी बेळगावातील बहुतेक सभासदांच्या परिचयाची आहे. तिच्यामागचे शास्त्र आणि अनुभव एकत्र मांडावा, असे आता वाटते.

इजेचे स्वरूप

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून निघून मणक्यांच्या पोकळीतून खाली येणारा मज्जातंतूंचा जुडगा. नवजात बालकात तो कमरेच्या तिसऱ्या मणक्यापर्यंत पोहोचतो. मणके वेगाने वाढतात, रज्जू मागे राहतो, आणि प्रौढपणी तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली मज्जातंतूंचा झुपका असतो. इजा मानेत झाली तर चारही अवयव जातात, छातीच्या भागात झाली तर पाय, आणि कमरेत झाली तर पायांचा काही भाग. लघवी, शौच आणि लैंगिक कार्य यांचे तंतू मात्र सर्वांत खालच्या टोकातून निघतात. म्हणून इजा कोठेही झाली तरी या तीन गोष्टी बहुधा बिघडतातच. रुग्ण पायांविषयी विचारतो. त्याचे पुढचे आयुष्य ठरते ते बरेचसे या तीन गोष्टींवर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या माहितीनुसार जगात दीड कोटींहून अधिक लोक मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. रस्त्यावरचे अपघात आणि उंचावरून पडणे ही प्रमुख कारणे. आपल्या भागात घाटरस्ते आहेत, खानापूरकडे आंबा-फणस-जांभूळ उतरवणारे आहेत, गोव्यात नारळाच्या झाडावर चढणारे पाडेली आहेत. हे सारे बहुधा घरातले कमावते तरुण असतात.

पहिला तास आणि पहिला दिवस

मला जीपखालून काढणारे लोक सज्जन होते. त्यांनी दोन हात आणि दोन पाय धरून मला उचलले, कारण माणूस असाच उचलायचा असतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. कणा मोडलेल्या माणसाला असे उचलले की मधला भाग झोळीसारखा वाकतो आणि मणक्याचा तुकडा रज्जूत रुतण्याचा धोका वाढतो. योग्य पद्धत सोपी आहे : एकाने डोके व मान सरळ धरावी, तिघांनी खांदा, कंबर व पाय धरून एकाच वेळी, ओंडका वळवावा तसे कुशीवर वळवावे, खाली फळी सरकवावी. फळी नसेल तर घराचे दार चालते. ही कृती शाळेत, रिक्षा थांब्यावर, ग्रामपंचायतीत शिकवता येते. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने मदत करणाऱ्या नागरिकाला कायदेशीर संरक्षण मिळाले आहे, हेही लोकांना सांगावे.

रुग्णालयात दाब काढण्याची शस्त्रक्रिया शक्यतो २४ तासांत व्हावी, असे आजचे मत आहे. माझ्या वेळी स्टेरॉइडचे मोठे डोस सर्रास देत. आज ते नित्याचे राहिलेले नाहीत. तपासणीत गुदद्वाराभोवतीची संवेदना पाहणे कधीही टाळू नये. तेथे थोडी जरी जाणीव शिल्लक असेल तर इजा अपूर्ण आहे आणि सुधारणेची आशा अधिक आहे. आरंभीच्या धक्क्याच्या अवस्थेत सर्व प्रतिक्षिप्त क्रिया थंड पडलेल्या असतात; म्हणून पहिल्याच रात्री कायमचा निकाल सांगू नये. साधारण ७२ तासांनंतरची तपासणी अधिक विश्वसनीय असते.

जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. अपघात नसतानाही, मणक्यामधील चकती सरकून तरुणाच्या खालच्या तंतूंवर दाब येऊ शकतो. कंबरदुखीबरोबर बैठकीची जागा बधिर झाली असेल किंवा लघवी तुंबली असेल, तर गोळ्या देऊन घरी पाठवू नये. ती तातडीची शस्त्रक्रिया आहे.

त्वचा, लघवी, शौच

दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक रुग्ण दाबव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनी थोड्याच काळात दगावत. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी स्वतंत्र विभाग सुरू केला आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक घातला. त्यात कोणतेही नवे औषध नव्हते. काटेकोर शुश्रूषेने आयुर्मान बदलले. आजही नियम तोच आहे : पलंगावर दोन तासांनी कूस, खुर्चीत पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर भार घेऊन बैठक उचलणे, आणि रोज संध्याकाळी आरशाने माकडहाड व टाचा पाहणे. लाल डाग दाब काढूनही ओसरला नाही, तर त्या जागेवर भार देणे बंद.

लघवीविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही, म्हणून मी स्पष्ट बोलतो. माझी मूत्राशयाची शक्ती परत आली नाही. पहिले काही आठवडे कायमची नळी होती. संसर्ग, थंडी वाजून ताप, पुन्हा नळी, असे चक्र चालले. १९७२ साली अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडीस यांनी दाखवून दिले होते, की नळी निर्जंतुक असण्यापेक्षा मूत्राशय वेळेवर पूर्ण रिकामे होणे अधिक महत्त्वाचे. स्वच्छ हातांनी, स्वच्छ नळीने, दिवसातून चार ते सहा वेळा स्वतःच लघवी काढावी. पुस्तकात मी हे वाचले होते. प्रत्यक्षात शिकवले ते आमच्याच बालरोग वॉर्डातील एका आईने. तिच्या सात वर्षांच्या मुलीला जन्मतः पाठीवर मज्जारज्जूची गाठ होती. ती आई स्टीलच्या चपट्या डब्यात धुऊन वाळवलेल्या नळ्या ठेवी आणि घड्याळ पाहून मुलीची लघवी काढी. मी तिला विचारले, तिने संकोच न करता सांगितले. तेव्हापासून आजतागायत मी हेच करतो. ओपीडीच्या मध्ये मी दहा मिनिटे उठून जातो, त्याचे कारण हे आहे. माझी मूत्रपिंडे आज उत्तम आहेत. पाठीवर अशी गाठ घेऊन आलेल्या बाळांच्या मातांना मी नंतर हेच शिकवीत आलो आहे.

शौचाचेही तसेच. जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढते, तिचा उपयोग करून रोज ठरावीक वेळ बांधून घ्यावी. तीन-चार आठवड्यांत शरीर बऱ्याच अंशी शिस्त लावून घेते. ज्याला भर वर्गात कपडे खराब होण्याची भीती आहे, तो कॉलेजात जाणार नाही. म्हणून शौचाचे वेळापत्रक हा शिक्षणाचाच भाग समजावा.

इजा छातीच्या सहाव्या भागात किंवा त्याहून वर असेल तर एक धोका घरच्यांना माहीत असलाच पाहिजे. एकाएकी डोके ठणकणे, चेहरा लाल होणे, घाम आणि रक्तदाब चढणे, हे बहुधा मूत्राशय तुंबल्याचे चिन्ह असते. रुग्णाला ताबडतोब बसवावे, कपडे सैल करावेत, नळी पाहावी, आणि लगेच डॉक्टरांना बोलवावे.

मन, घर आणि माणसे

पंचविसाव्या वर्षी माणूस आपल्या शरीराविषयी विचारच करीत नाही. तो परीक्षा, नोकरी, लग्न यांचा विचार करतो. त्यामुळे इजेबरोबर त्याचे भविष्यकाळाचे सारे व्याकरणच मोडते. पहिले तीन महिने मी दर सकाळी पायाचा अंगठा हलतो का ते पाहत असे, आणि त्यावर माझा दिवस ठरे. उजवा पाय हळूहळू परत आला, डावे पाऊल आले नाही. अंगठ्याऐवजी घड्याळाकडे पाहू लागलो, आज किती वेळ बसलो, किती पावले टाकली याची वही ठेवू लागलो, तेव्हा झोप परत आली.

कुटुंबाच्या प्रेमाचाही भार होतो. आई मला हाताने भरवीत असे, माझे हात पूर्ण चांगले असताना. फिजिओथेरपिस्टने तिला बाजूला घेऊन सांगितले, ‘आजींनो, त्याला पाण्याचा तांब्या स्वतः उचलू द्या.’ आईला ते लागले. पण तिने ऐकले. आपल्या जुन्या घरांचे उंच उंबरे आणि परसातले संडास हीही मोठी अडचण असते. आमच्या शहापूरच्या घरात वडिलांनी सर्वप्रथम उंबरा काढला. शेजारी कुजबुजले. माझ्यावर त्याचा परिणाम कोणत्याही औषधापेक्षा जास्त झाला, कारण मी या घरात येणार-जाणार आहे, हे त्यातून ठरले.

आपण डॉक्टर काय बोलतो, तेही महत्त्वाचे. माझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून माझ्याविषयी माझ्या वडिलांशी बोलले जाई. मी स्वतः डॉक्टर असून ही स्थिती, तर शेतकऱ्याच्या मुलाचे काय? रुग्णाशी बोलावे, खुर्ची ओढून बसून बोलावे. लग्नाचा आणि अपत्याचा प्रश्न तो विचारणार नाही, आपण काढावा. स्त्रियांची गर्भधारणेची क्षमता बहुधा टिकते. पुरुषांसाठी आज वैद्यकीय साहाय्य उपलब्ध आहे. निराशा, आत्महत्येचे विचार यांविषयीही सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत.

काही पथदर्शक आयुष्ये

वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांना १९५४ च्या अपघातात, विशीच्या अखेरीस, कमरेखालचा पक्षाघात झाला. त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे तेथील पुनर्वसन विभाग उभा केला. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मेजर एच. पी. एस. अहलुवालिया मे १९६५ मध्ये एव्हरेस्टवर चढले आणि त्याच वर्षीच्या युद्धात पाठीच्या कण्यात गोळी लागून खुर्चीवर आले. दिल्लीतील इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर ही त्यांची निर्मिती. त्याच युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी सोळाव्या वर्षी पाय गमावूनही १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली.

ही नावे रुग्णाला पहिल्याच आठवड्यात ऐकवू नयेत. तेव्हा ती ओझ्यासारखी वाटतात. त्याला त्यावेळी हवा असतो आपल्यासारखाच एखादा साधा माणूस, जो खुर्चीवरून पलंगावर कसा सरकतो हे दाखवील.

सावधगिरी आणि हक्क

मूळपेशींच्या इंजेक्शनांनी पाय परत येतील, अशा जाहिराती आजही दिसतात. मज्जारज्जूच्या इजेसाठी हा उपचार सिद्ध झालेला नाही, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो मान्य चाचणीबाहेर पैसे घेऊन देणे योग्य नाही. जमीन विकून अशा उपचारांमागे धावणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. तोच पैसा चांगली खुर्ची, गादी आणि घरातील सोयीचा संडास यांवर खर्च व्हावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के व सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र व युडीआयडी कार्ड मिळवून देण्यात घरच्या डॉक्टरांचा पुढाकार फार उपयोगी पडतो.

समारोप

आपल्या मंडळाला माझी विनंती आहे. येत्या वर्षात रिक्षाचालक, बसवाहक आणि खानापूर भागातील बागायतदार यांच्यासाठी जखमीला उचलण्याचे एक-एक तासाचे वर्ग घ्यावेत. फळी, पट्टे आणि चार सभासद एवढेच साहित्य लागेल. आणि इजा होऊन घरी परतलेल्या प्रत्येक तरुणाकडे पहिल्या महिन्यात आपल्यापैकी कोणीतरी एकदा जाऊन यावे. त्याची माकडहाडाची त्वचा पाहावी, लघवीची वेळ विचारावी, कॉलेज केव्हा सुरू करणार ते विचारावे. वर्गांसाठी आणि भेटींसाठी सभासदांच्या यादीत माझे नाव पहिले लिहावे.