या तीन महिन्यांत चित्रात नेमकं काय सुधारायचं?

दहावी-बारावीचे निकाल लागले की चित्रं काढणाऱ्या मुलांच्या घरी एकच विषय निघतो: यात करिअर होईल का? प्रश्न रास्त आहे. आई-बाबांना झोप लागत नाही ती उगाच नाही. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडे बघून याचं खात्रीचं उत्तर कुणालाच देता येत नाही. त्यापेक्षा मुलाला हे विचारा: येत्या तीन महिन्यांत तुझ्या चित्रातली कोणती एक गोष्ट सुधारणार आहेस? याचं नेमकं उत्तर ज्याच्याकडे असतं, तो शिकतो आहे असं मी मानतो.

‘चांगला चित्रकार व्हायचंय’ ही इच्छा झाली. ‘मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात प्रवेश घ्यायचाय’ हेही मनात जरूर असावं, पण जागा किती आणि त्या वर्षी स्पर्धा कशी, यातलं काहीच मुलाच्या हातात नसतं. ‘माझ्या स्थिरचित्रात तांब्याच्या तोंडाचा लंबगोल दरवेळी एका बाजूला कलतो, तो दिवाळीपर्यंत नीट यायला हवा’ हे मात्र पूर्णपणे त्याच्या हातात आहे. शिवाय जमलं की नाही, हे त्याचं त्यालाच कागदावर दिसतं. ध्येय इतकं बारीक झालं, की रोज बसून काय करायचं हा प्रश्न उरत नाही.

व्हॅन गॉगबद्दल आपल्याकडे त्याचं वेड आणि दुःख फार सांगितलं जातं, त्याची अभ्यासाची शिस्त कमी. चित्रकार व्हायचं त्यानं ठरवलं ते १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. मग शार्ल बार्ग यांच्या रेखाटनाच्या अभ्यासक्रमातली चित्रं त्यानं चिकाटीनं पुन्हा पुन्हा उतरवून काढली. १८८६ मध्ये तो पॅरिसला भाऊ थिओकडे आला, तेव्हा त्याचे रंग अजून काळपट, मातकट होते. तिथल्या नव्या चित्रकारांची उजळ चित्रं पाहून आपलं कुठे अडतंय, हे त्यानं ओळखलं. मॉडेलला द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यानं फुलं रंगवायला घेतली. निळ्याशेजारी नारिंगी, लालाशेजारी हिरवा, पिवळ्याशेजारी जांभळा असे विरोधी रंग एकमेकांना कसे उठाव देतात, एवढंच त्याला शोधायचं होतं. एका चित्रकार मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं हे स्पष्ट सांगितलं आहे. वेगवेगळ्या रंगांच्या लोकरीचे धागे एकत्र गुंडाळूनही तो रंगांच्या जोड्या पाहायचा. त्या लोकरीची डबी आजही ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. आर्लमधली प्रसिद्ध सूर्यफुलं आली ती यानंतर, १८८८ मध्ये.

यासाठी पॅरिसच हवं असं नाही. जेजेत शिकून कोल्हापुरात परतलेल्या आबालाल रहिमान यांनी रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा हाच आसपासचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. जागा तीच राहिली की बदलतो तो फक्त प्रकाश, आणि मग डोळा प्रकाशच बघायला लागतो. आपल्या गॅलरीतून दिसणारी समोरची गच्ची महिनाभर सकाळी आणि संध्याकाळी रंगवून बघावी. दर रविवारी नवं ठिकाण शोधणाऱ्यापेक्षा असा मुलगा जास्त शिकेल, असं माझं ठाम मत आहे.

बहुतेक विद्यार्थ्यांना मी पहिलं ध्येय छाया-प्रकाशाचं सुचवतो. महिनाभर एकच रंग, बर्न्ट अंबर किंवा काळा, आणि पाणी. डोळे किलकिले करून समोरच्या वस्तूत सर्वांत गडद जागा कोणती, सर्वांत उजळ कोणती, हे आधी ठरवायचं आणि मगच कुंचला उचलायचा. रंगसंगतीत चुकतंय असं ज्यांना वाटत असतं, त्यांच्यापैकी पुष्कळांचं खरं तर गडद-उजळाचं गणित चुकत असतं. प्रत्येक चित्रामागे तारीख घाला. तीन महिन्यांनी तीच मांडणी पुन्हा लावा, तशीच रंगवा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. चित्र आरशात धरून पाहिलं तर सवयीनं न दिसणारा तिरकेपणाही लगेच उघडा पडतो.

रोज एक चित्र, महिन्याला तीस, असं संख्येचं ध्येय हात मोकळा करायला सुरुवातीला ठीक आहे. ते कायमचं नव्हे. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास पूर्ण करत. ज्याचा त्याचा वेग वेगळा असतो.

परीक्षांचं ध्येयही असंच फोडून घ्यावं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांचे वाढीव गुण दहावीत मिळाले की अनेकांची पेन्सिल सुटते. पण बारावीनंतरच्या कला पदवी प्रवेशाच्या सीईटीत वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र असतं. स्मरणचित्रात मुलं अडतात ती माणसांपाशी. त्याला उपाय एसटी स्टँडवर किंवा आठवडी बाजारात आहे. ओझं उचलणारा, वाकून भाजी निवडणारी, पिशवीवर बसून पेंगणारा, अशी माणसं भराभर रेखाटायची आणि घरी येऊन वही न उघडता तीच पुन्हा काढायची. ही माणसांची ओळख पुढे उपयोजित कला, ॲनिमेशन, पुस्तकांची चित्रं, कलाशिक्षण अशा सगळ्या वाटांवर कामाला येते. पोटापाण्याची चिंता करणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावं.

पालकांनी आणखी एक करावं. ‘छान आहे’ म्हणून चित्र बाजूला ठेवू नका. मागच्या महिन्यातलं आणि आजचं चित्र समोर घेऊन फरक काय पडला ते विचारा आणि मुलाला बोलू द्या. शेजारच्या मुलीला स्पर्धेत बक्षीस मिळालं, हा विषय त्यात आणू नका. एवढ्यानंतरही ठरवलेलं जमलं नाही, तर हाताला दोष देण्याआधी साहित्य तपासा. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, डागाळतोय, अशी तक्रार असेल तर कागद पातळ असण्याची शक्यता मोठी. साध्या ड्रॉइंग पेपरला पाणी लागलं की तो फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. चोवीस रंगांची नवी पेटी घेण्याऐवजी त्याच पैशांत ३०० जीएसएमचे जलरंगाचे मोठे कागद आणा, प्रत्येकाचे चार तुकडे करा आणि त्यावर तोच वॉश पुन्हा करून बघायला सांगा.