ओझं कमरेवर, खांद्यावर नाही

पुणे, १२ डिसेंबर

चि. सोनूस,


तू पाठवलेला सॅकचा फोटो पाहिला. ऐंशी लिटरची, झाडीच्या रंगाची, जागोजागी पट्टे नि बकलं. रुबाबदार आहे, वादच नाही. तरी घेऊ नकोस. ‘मावशीला मोडताच घालायचा असतो’ असं म्हणशील, म्हणून कारणं लिहिते.

ही सॅक शिकाऱ्यांसाठी बेतलेली आहे. अमेरिकेत रॉकी पर्वतात लोक परवाना काढून चार-पाच दिवस एल्कच्या मागावर हिंडतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातलं, पण त्याहून थोराड हरीण. शिकार साधली की मांस पाठीवरून खाली आणायचं. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांसही ९०-१०० किलो भरू शकतं, म्हणजे फेऱ्याच घालाव्या लागतात. म्हणून त्या सॅकला कडक फ्रेम असते आणि फ्रेम नि पिशवी यांच्यामध्ये बोजा आवळून बांधायची सोय असते. त्यांचं ओझं परतताना वाढतं. आपला शिधा रोज संपत जातो, सॅक रोज हलकी होते. आणि आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा विषयच नाही. मग ती जड फ्रेम राजगड ते रायगड तू कशापायी वाहायचीस?

आता लिटरचं. जागा असली की ती भरतेच. माझ्या पहिल्या मोठ्या ट्रेकला मी कुणाची तरी ७५ लिटरची सॅक मागून नेली आणि रिकामी दिसते म्हणून जादा स्वेटर, पातेलं, जाडजूड कादंबरी, काय काय कोंबलं. बोराट्याच्या नाळेत, त्या उभ्या घळीत, उतरताना ती सॅक मागच्या धोंड्याला टेकायची आणि मला पुढे ढकलायची. शेवटी निम्मी नाळ मी बसून उतरले. कादंबरीचं एक पान उघडलं नाही.

तुमचा ट्रेक चार दिवसांचा, मुक्काम गावातले. तंबू नाही. तुला ५० लिटर पुरे. वजनाचा ढोबळ हिशोब असा : आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त पाठीवर नको. तू ५२ किलोची, म्हणजे दहा किलो. त्यात तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो आलेच. सॅक दीड, स्लीपिंग बॅग नि कॅरीमॅट मिळून दीड-दोन. उरलेल्या साडेतीन-चार किलोंत कपडे, शिधा, टॉर्च, औषधं. रिकामी सॅकच तीन किलोंची घेतलीस तर कात्री कशाला लागेल, ते तूच बघ.

लिटरपेक्षा महत्त्वाचं पाठीचं माप. मान खाली घाल. मानेच्या तळाशी जे हाड वर येतं तिथून टेप लाव. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवलेस की अंगठे मागे जिथे समोरासमोर येतात, तिथपर्यंत मोज. हे अंतर उंचीवरून कळत नाही. तुझी उंची माझ्याएवढी असली तरी पाठ आखूड असू शकेल. मुलींसाठीच्या सॅकमध्ये पाठ आखूड असते आणि खांद्याचे पट्टे छातीला बोचू नयेत असे वळणदार असतात. त्या आधी पाहा.

दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघू नकोस. दुकानदाराला सांगून आत आठ-दहा किलो भर. आधी सगळे पट्टे सैल कर, मग कमरपट्टा कमरेच्या हाडावर बसवून घट्ट आवळ, त्यानंतर खांद्याचे पट्टे, शेवटी खांद्यावरचे छोटे पट्टे थोडेसे ओढ. बहुतेक भार कमरेवर गेला पाहिजे. खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज सरकलं म्हणजे जमलं. मग वीस मिनिटं चाल आणि जिना चढ-उतर कर. कमरपट्टा घसरला, तर कितीही सवलत असली तरी ती सॅक तुझी नव्हे.

भरताना स्लीपिंग बॅग तळाला. शिधा, पाणी असं जड सामान मध्ये, पाठीला चिकटून. टॉर्च, खाऊ वर. बाहेर काही लोंबकळवू नकोस. राजगडाची संजीवनी माची उतरून तोरण्याच्या धारेवर लागलात की कारवीत लटकतं सामान हमखास अडकतं. कव्हर असलं तरी आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी घाल. पाऊस नसला तरी बाटली गळतेच.

परत आलीस की सॅक उपसताना जे चार दिवसांत वापरलंच नाही त्याची यादी कर (औषधं सोडून). पुढच्या ट्रेकला त्यातलं काही न्यायचं नाही.

सॅकचे पैसे माझ्याकडून. मात्र पाठीचं माप कळवल्याशिवाय पाठवणार नाही.

तुझी,
मावशी