पोत्यावरील अक्षरे व संगणकातील घोटाळे

आमच्या बालाघाट जिल्ह्यातील चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून पोत्यावरील नाव शुद्ध छापले जाणे ही बिरशासारख्या लहान पेठेतही प्रतिष्ठेची बाब होऊन बसली आहे. परंतु पोत्याचे चित्र कोरलड्रॉमध्ये रचले जाते आणि छापखाना ते इलस्ट्रेटरमध्ये उघडतो, तेव्हा 'चिन्नोर'ची वेलांटी 'च'च्या नंतर जाऊन पडते व जोडाक्षर फुटते, असे व्यापारी बंधूंच्या पाहण्यात आले असेल.

याचे कारण असे की, युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतरच साठविलेली असते. तिला अलीकडे आणून बसविणे हे प्रोग्रॅमचे काम. इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी करणारा कंपोझर निवडलेला नसल्यास ते राहून जाते. युनिकोडपूर्व टंकांची तऱ्हा निराळी. त्यांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असल्याने, टंक नसलेल्या संगणकावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते.

दोहोंवर उपाय एकच. चित्र पाठविण्यापूर्वी कंट्रोल व क्यू दाबून अक्षरांचे वक्ररेषांत रूपांतर करावे. मात्र पुढे वजनाचा आकडासुद्धा टंकून बदलता येत नाही, म्हणून मूळ प्रत निराळी जपावी. चित्र लहान करताना किनार जाडच राहत असेल, तर ती आकाराबरोबर बदलेल अशी खूण आउटलाइन पेनमध्ये करावी. अक्षरांमागील सावल्यांचा सोस आम्हांस मुळीच पसंत नाही. विणलेल्या पोत्यावर त्यांचा नुसता डाग उमटतो.

सोबत पीडीएफ प्रत द्यावी, आणि ठसा घडविण्यापूर्वी छापील नमुना तिच्याशी अक्षरशः ताडून मगच सही करावी.