कंपवात आणि चुंबकाचे यंत्र

मागच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात एका तरुण शेतकऱ्याने विचारले, "बाबांचा उजवा हात थरथरतो, चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. शहरात डोक्याला चुंबकाचे यंत्र लावून हे बरे करतात म्हणे. काजूची बाग गहाण टाकून नेऊ का?" प्रश्न एकाच घरचा नाही, म्हणून उत्तर येथे देत आहोत.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन लिहिले, म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले. मेंदूत खोलवर काळसर पेशींचा एक लहान पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य बनवतात. त्या हळूहळू मरू लागल्या की हालचाल मंदावते, अंग ताठरते, हात कापतो, अक्षर बारीक होत जाते. पोप जॉन पॉल दुसरे फेब्रुवारी १९८६ मध्ये गोव्याला आले, तेव्हाची त्यांची खणखणीत चाल अनेकांना आठवत असेल. पुढे याच आजाराने त्यांची वाणीसुद्धा अडखळू लागली.

आता यंत्राकडे वळू. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली ते प्रथम दाखवले. तारेचे वेटोळे डोक्याजवळ धरतात आणि त्यातून क्षणभर जोराचा विद्युतप्रवाह सोडतात. त्यामुळे चुंबकशक्ती एकदम वाढते व ओसरते, आणि तिच्या या बदलाने कवटीखाली बारीक वीज उत्पन्न होते. सायकलच्या डायनामोत चुंबक फिरला तरच दिवा लागतो, तसेच हे. म्हणूनच जत्रेत विकतात त्या चुंबकाच्या पट्ट्या व कडी निरुपयोगी. त्यांतला चुंबक जागचा हलत नाही, मग वीज येणार कोठून?

कापाकापी नाही, भूल नाही, रोज अर्धा-पाऊण तास असे काही आठवडे बसायचे. पण ही वीज मेंदूच्या वरच्या थरापर्यंतच, दोन-तीन सेंटिमीटर, पोहोचते. मरणाऱ्या पेशी त्याहून खूप खाली. विहीर आटते आहे आणि आपण पाट साफ करतो आहोत, असा हा प्रकार. पाट साफ केल्याने असलेले पाणी बरे वाहते, हे मात्र खरे. हालचाल घडवणाऱ्या भागावर असे ठोके दिल्यावर काही रोग्यांची मंद हालचाल व चाल थोडी सुधारते, असे तपासण्यांत दिसले आहे. फायदा बेताचा असतो, काही आठवड्यांनी ओसरतो आणि सर्वांना होतही नाही. शिवाय वीज न देता नुसते यंत्र लावल्याचा देखावा केला, तरी काहींना बरे वाटते. या आजारात आशेचा परिणाम मोठा असतो. ओल्या स्पंजमधून एक-दोन मिलिअँपिअर प्रवाह देण्याची दुसरीही रीत आहे. हालचालीसाठी तिचा पुरावा अजून कच्चा आहे. घरी बॅटरी जोडून तसले प्रयोग कोणी करू नयेत.

तेव्हा बाग गहाण टाकू नका. आधी मेंदूच्या डॉक्टरांकडून लेव्होडोपाच्या गोळीचे प्रमाण नीट बसवून घ्या. ती जेवणाआधी अर्धा तास द्यावी, कारण डाळ, मासळी, अंडी तिला आड येतात. गोळी एकाएकी बंद करणे धोक्याचे. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपाच असते हे खरे, पण गोळीसोबत तिचे चूर्ण डॉक्टरांना न विचारता दिले तर मात्रा दुप्पट व्हायची. पाय अडतात तेथे जमिनीवर खडूच्या आडव्या रेघा मारा व त्या ओलांडायला सांगा. पुष्कळांचे पाऊल सुटते.

एवढे करूनही कोणी यंत्र सुचवलेच, तर किती दिवस, किती खर्च आणि बरे वाटले नाही तर पुढे काय, हे आधी विचारा. फिट येत असेल, डोक्यात धातू किंवा छातीत पेसमेकर असेल तर ते प्रथम सांगा. आणि आठवडाभर गोळ्यांच्या वेळा व हात कधी जास्त कापतो ते वहीत लिहून, ती वही डॉक्टरांकडे सोबत न्या.