वजन पुन्हा वाढले? दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी कारण शोधा

वजन घटविण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया झाल्यावर काही वर्षांनी थोडे वजन परत वाढणे अनेकांमध्ये आढळते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय घाईने घेऊ नये.

जठर पुन्हा ताणले गेले आहे का, हे एंडोस्कोपी व बेरियमच्या क्ष-किरण तपासणीतून कळते. वारंवार गोड चहा, सरबत वा फरसाण घेणे, थायरॉईडचा विकार किंवा स्टेरॉईड औषधे हीही कारणे असू शकतात. अशा वेळी आहार व औषधोपचार पुरेसे ठरू शकतात.

पहिल्या शस्त्रक्रियेनंतर आतील भाग एकमेकांस चिकटतात. त्यामुळे दुसरी शस्त्रक्रिया अधिक अवघड असते आणि टाक्यांतून गळतीचा धोका वाढतो.

भिलाईचे सेक्टर ९ रुग्णालय असो वा रायपूरचे एम्स, सल्ल्यासाठी जाताना पहिल्या शस्त्रक्रियेची सर्व कागदपत्रे सोबत न्यावीत. तंबाखू व धूम्रपान सोडावे. लोह, बी-१२ यांसारखी पूरक औषधे स्वतःहून बंद करू नयेत.

सतत उलट्या, रक्ताची उलटी किंवा तीव्र पोटदुखी असल्यास विनाविलंब रुग्णालयात जावे.