शनवार तेली

अलिबागच्या उत्तरेस समुद्राच्या काठी नवगाव नावाचे एक लहानसे खेडे आहे. जवळच्या समुद्रात खांदेरी व उंदेरी हे जुने जलदुर्ग आहेत. फार प्राचीन काळी या खडकाळ किनाऱ्यावर एक गलबत फुटले, अशी कथा तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गलबतातील बहुतेक माणसे बुडाली. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या तीरास लागल्या. लाटांनी जी प्रेते किनाऱ्यावर आणली, ती त्यांनी नवगावातच पुरली. हे लोक होते यहुदी. ते आपणांस ‘बेने इस्राएल’, म्हणजे इस्राएलची लेकरे, असे म्हणवीत.

हे गलबत कोणत्या शतकात फुटले, याविषयी विद्वानांत एकमत नाही. परंपरा तो काळ दोन हजार वर्षांमागे नेते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक संशोधनात मात्र या लोकांच्या रक्तात पश्चिम आशियातील व भारतातील अशा दोन्ही पूर्वजांचा अंश आढळला. तेव्हा गलबताची गोष्ट जशीच्या तशी खरी नसली, तरी समुद्रापलीकडून आलेले पूर्वज ही काही केवळ कल्पना नव्हे.

परक्या मुलखात पोट कसे भरावयाचे? या लोकांनी तेलाचा घाणा धरला. त्या काळी रॉकेल नव्हते, वीज नव्हती. घरातील समई, देवळातील नंदादीप, स्वयंपाक, अंगाला लावावयाचे तेल, साऱ्यांसाठी तेल्यावाचून गावाचे चालत नसे. लाकडाच्या मोठ्या उखळात तीळ किंवा खोबरे घालावयाचे, त्यात जड लाट उभी करावयाची आणि बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधून त्यास उखळाभोवती फिरवावयाचे. लाट फिरे तसतसा माल चिरडला जाई आणि तेल सुटे. उरलेली पेंड गुरांना घालीत. बैल दिवसभर चाले, पण पोहोचे कोठेच नाही! माणसाचे कष्टही काही कमी नव्हते.

शुक्रवारी सूर्य मावळला, की यांचा घाणा थांबे. शनिवारी दिवसभर तो स्वस्थ उभा असे. त्या दिवशी चूलही पेटत नसे. कारण सातव्या दिवशी काम करू नये, नोकराकडून किंवा बैलाकडूनही करवू नये, अशी यहुदी धर्माची आज्ञा आहे. कोकणात दुसरेही तेली होते. ते सोमवारी बैल जुंपीत नसत, म्हणून त्यांना ‘सोमवार तेली’ म्हणत. या नव्या तेल्यांना गावाने सहजच ‘शनवार तेली’ हे नाव दिले.

हे नाव ऐकावयास गमतीचे वाटते. परंतु हातावर पोट असलेल्या माणसाने आठवड्याचा एक दिवस सोडणे ही लहान गोष्ट नव्हे. जुन्नरकडील बेल्ह्याचा बाजार सोमवारी भरतो, तसा प्रत्येक मोठ्या गावाचा बाजाराचा वार ठरलेला असतो. ज्या गावी तो वार शनिवार असेल, तेथे शनवार तेल्याने काय करावे? गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाई आणि याने ते पाहत राहावे! गलबताबरोबर त्यांचे धर्मग्रंथ बुडाले होते. हिब्रू भाषा ते विसरले. ‘शमा’ ही एक प्रार्थना, मुलांची सुंता, खवले नसलेले मासे वर्ज्य आणि हा शनिवार, एवढेच काय ते उरले होते. पुढे कोचीनकडून दाविद राहाबी नावाचा एक यहुदी आला. त्याने या खुणांवरून हे आपलेच लोक, हे ओळखले आणि त्यांस धर्माचे शिक्षण दिले.

एव्हाना ते पुरते मराठी झाले होते. राजपूरचे ते राजपूरकर, किहीमचे ते किहीमकर, दिवेआगरचे ते दिवेकर. अशाच एका दिवेकर घराण्यातील सामाजी हसाजी, अर्थात सॅम्युअल इझिकेल, कंपनीच्या पलटणीत शिरले आणि सुभेदार झाले. म्हैसूरच्या युद्धात ते टिपूच्या कैदेत सापडले. सुटकेनंतर त्यांनी मुंबईत प्रार्थनामंदिर बांधण्याचा संकल्प सोडला आणि १७९६ मध्ये तो पुरा केला. मुंबईतील हे पहिले यहुदी प्रार्थनामंदिर होय. पुढल्याच वर्षी कोचीन येथे त्यांचे देहावसान झाले. बेने इस्राएल आपल्या मंदिरास ‘मशीद’ म्हणत. जवळच्या मसजिद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात.

गिरण्यांचे तेल स्वस्त झाले, तसे घाणे बंद पडत गेले. तेल्यांची मुले कारकून, शिक्षक, डॉक्टर झाली. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५ मध्ये समाजासाठी मुंबईत शाळा काढली आणि समाजाचा इतिहासही लिहिला. राजपूरकर घराण्यातील डॉक्टर ई. मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. हे लोक अब्राहाम व योसेफ यांची चरित्रे मराठी कीर्तनातून ऐकत. एलियाहू पैगंबरास पोहे, ओले खोबरे, साखर व फळे यांचा ‘मलिदा’ अर्पण करण्याची त्यांची चालही कोकणच्या मातीतली आहे.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले. त्यानंतर यांपैकी बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. तेथे त्यांना निराळ्याच अडचणीस तोंड द्यावे लागले. हे खरोखरच यहुदी आहेत काय, अशी शंका तेथील धर्माधिकाऱ्यांनी घेतली व विवाहांस हरकती आल्या! ज्यांनी शेकडो वर्षे शनिवार पाळला, त्यांनाच हा प्रश्न विचारला गेला. त्यांनी निदर्शने केली, उपोषणे केली. अखेर १९६४ मध्ये तेथील शासनाने त्यांना सर्व बाबतींत समान यहुदी म्हणून मान्यता दिली.

महाराष्ट्रात आता या समाजाची थोडीच माणसे उरली आहेत. २०१६ मध्ये राज्य शासनाने यहुदी लोकांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. अलिबागेत आजही ‘इस्राएल आळी’ आहे. तेथे १८४८ साली स्थापन झालेले प्रार्थनामंदिर उभे आहे. आणि दूर इस्राएलमध्ये गेलेल्या दिवेकर-राजपूरकरांच्या समाजाने तेथे मराठी नियतकालिक काढले. त्याचे नाव त्यांनी ‘मायबोली’ ठेवले.